अर्धा तंबू

बारा किलो तूरडाळ जुन्या चादरीत गुंडाळून
मी झिरो माइलच्या मेट्रो स्टेशनचे जिने
चढते, उतरते, पुन्हा चढते.
पहिल्या दिवशी गार्डनं पिशवी मशीनमधून काढली
आणि पडद्याकडं बघतच राहिला.
"मॅडम, डाळ घेऊन कुठं चालल्या?"
"पचमढीच्या पलीकडं. पायी."
"अन् शिजवान कशात?"

नागपुरात डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स,
दम लागायच्या आत संपणारा.
म्हणून जिने. म्हणून डाळ.

इतवारीत दुकान बंद व्हायच्या वेळी
हेमराजच्या काट्यावर सामान मांडते.
तो आधी ताट पुसतो, जिऱ्याचे दाणे फुंकरीनं उडवतो.
झोपायची पिशवी नऊशे चाळीस.
स्टोव्ह एकशे दहा.
टॉवेलऐवजी धोतराचा फाडलेला तुकडा.
नकाशाच्या कडा कापलेल्या:
ज्या गावांना जायचं नाही, ती गावं घरी राहिली.
ब्रशची अर्धी दांडी बघून मात्र त्याला राहवत नाही,
"ताई, सोनं तोलून राहिल्या का बावा?"

मग तंबू. सातशे.
सातशेच, कारण हे नुसतं कापड.
काठ्या, खुंट्या, दोऱ्या कुमुदकडं, प्रतापनगरला.

अकरा वर्षं असंच.
कापड मी, काठ्या ती.
दोन घरांत अर्धा अर्धा तंबू,
कुणाच्याच माळ्यावर पुरा नाही.
मेळघाटात, तामियाच्या उतारावर,
दिवस कलला की आधी भांडण, सपाट जागा कोणती.
मग ती काठी पुढं करायची, मी कापडाची बाही,
आणि बॅटरी न लावता
हाताला हात सापडायचा.

गुडघा तिचा. डॉक्टरनं फिल्म उजेडाकडं धरली
तेव्हा मीही बाजूच्या स्टुलावर होते.
"जिनेसुद्धा मोजूनच," तो म्हणाला.
कुमुदनं विचारलं, "आणि उतार?"
तो हसला. त्याला वाटलं, गंमत करते आहे.

काठ्या आणायला गेले.
परकराच्या नाडीनं बांधून दाराशी उभ्या केलेल्या.
खुंट्या घासलेल्या,
एक वाकडी होती, ती ठोकून सरळ केलेली.
पोहे झाले, चहा झाला, शेजारच्या बोअरवेलचं झालं.
"सहाशे ऐंशी भरतील," ती म्हणाली,
"माझ्या पाठीला तोंडपाठ आहे."
मी खाली उतरले, तर वरून कठड्याला धरून,
"वारा पश्चिमेचा असला तर दार..."
"माहीत आहे गं."
"काय माहीत आहे? दार नेहमी मीच लावायची."

हेमराजनं पुन्हा तोललं.
"वाढलं न ताई."
"हो."
"काय काढू?"
आम्ही दोघंही ताटाकडं बघत राहिलो.
काढण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबर. इतवारीहून छिंदवाड्याची गाडी.
मग जीप, मग मोहाच्या झाडांखालची पायवाट,
मग पायवाटही नाही,
नुसता उतार आणि त्यावर कुणाच्या तरी गुरांचे खूर.

चौथ्या रात्री पाताळकोटच्या काठावर वारा पश्चिमेचा.
एक काठी रोवावी तर दुसरी सुटते.
टोकावर दगड ठेवला, दुसऱ्या टोकावर बूट,
तिसरं दातांत.
पाऊण तास लागला.
दार अर्थातच चुकीच्या बाजूला,
रात्रभर फडफडत होतं,
कोणी बाहेरून काही सांगू पाहावं तसं.

आत जागा ऐसपैस. मधोमध झोपता आलं असतं.
मी डावीकडंच झोपले.
उजवीकडं पाठपिशवी टेकवून ठेवली.

पहाटेच्या आधी कधीतरी
ती कलंडून अंगावर आली,
आणि मी झोपेतच म्हटलं,
सरक न वं जराशी.