तीनशे अंश

व्हिल्नियसच्या उत्तरेला, विटांच्या जुन्या कारखान्यात
पंपाची घरघर रात्रभर.
गेनोवाइतेबाई पोलादी झाकणाला कान लावतात,
म्हणतात, "हवा गेली. आता काच तापू दे."

मी नवा. मला घाई.
मॉलिब्डेनमच्या बोटीत फ्लोराइडचे खडे तयार,
वीज सोडली की वाफ सरळ वर,
वाटेत आडवं यायला कुणीच नाही.
मग भिंगाला तीनशेपर्यंत शेकत काय बसायचं?

बाई काही बोलल्या नाहीत.
ड्रॉवरमधून एक भिंग काढलं, सुरेख जांभळी झाक.
"एकोणनव्वदचा जानेवारी. हीटरची तार तुटलेली,
काटा मात्र तीनशेवर. रुमाल घे. पूस."

पुसलं.
जांभळा रंग निघून आला, इतका सहज
की मीच ओशाळलो.
शेजारी आधीच सहा पट्ट्या होत्या, उघड्या काचेच्या,
माझ्याआधीच्या सहाजणांच्या.

"गार काचेवर अणू पडतो तिथेच फतकल मारतो.
मागून येणारा त्याच्याच सावलीत अडतो,
खांबाशेजारी खांब उभे राहतात, मधे फटी,
फटींतून उद्या दमट हवा आत.
ऊब असली तर तो जरा चालतो,
चाचपत चाचपत खळगा शोधतो,
आणि मग बसतो."

"म्हणजे चांदीलाही तापवायचं?"

"चांदीला?" पहिल्यांदाच हसल्या.
"तिला ऊब दिलीस तर ती आपली आपली गोळा होते,
थेंब थेंब, बेटं बेटं. आरसा कुठला मग?
चांदी गारच बरी."

म्हणजे नियम असा नाहीच.
मी वहीत लिहिलेलं खोडलं.

साडेपाचला हीटर बंद केला.
दोनशे ऐंशी. दोनशे बेचाळीस.
माझा हात हवेच्या झडपेकडे गेला
आणि त्यावर त्यांची चापट बसली:
"तडकेल. चहा पी."

बाहेर उणे एकोणीस.
झाकणावर त्यांचे लोकरी हातमोजे वाळत होते,
एकाचा अंगठा रफू केलेला.
आम्ही काट्याकडे बघत बसलो,
एकशे दहा, एकशे सात,
बोलण्यासारखं फारसं नव्हतं.

शुक्रवारी त्या निवृत्त होतात.
ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे दिलीय.
भिंगावर अजून दोन पट्ट्यांपुरता
जांभळा शिल्लक आहे.