पाव किलो गजक

आमच्याकडे भांडण हिंदीत होतं.
मराठीत राग नीट चढत नाही.
चार पिढ्या ग्वाल्हेरात काढल्यावर
ती देवघरापुरती, आमटीपुरती उरली.
म्हणून परवा रात्री मी ओजसला जे बोललो
ते हिंदीत बोललो,
"तेरे बस का कुछ नहीं."
त्यानं दार लावलं. आपटलं नाही,
नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

माझे वडील मोतीमहालच्या कचेरीत कारकून.
मला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
सायकलच्या हँडलला पिशवी असायची,
पिशवीत पाव किलो गजक.
ते ती टेबलावर ठेवत आणि पेपर उघडत.
'चुकलो' हा शब्द आमच्या घरात नव्हता.
तीळ होते, गूळ होता,
कुटून कुटून पापुद्रे सुटलेले,
आणि मी खाल्ली, म्हणजे माफ केलं,
असं दोघांनीही गृहीत धरलेलं.
केलं होतं का मी माफ?
मला अजून कोणी विचारलेलं नाही.

काल मी दालबाजारातून गजक आणली.
हसू नका, मला दुसरं काही येत नाही.
ओजसच्या टेबलावर ठेवली, फिजिक्सच्या वहीशेजारी.
सकाळी पुडा तसाच. दोरासुद्धा न सुटलेला.
वृंदा म्हणाली, "अहो, त्याच्या दातांना तारा आहेत.
दीड वर्ष झालं."
पैसे मीच भरले होते.

मग रात्री दारापाशी उभा राहिलो.
बोटाच्या पेरानं टकटक केली,
स्वतःच्याच घरात, भाडेकरूसारखी.
'सॉरी यार' ओठांवर आलं होतं, ते गिळलं.
बाड्यावर धक्का लागला की
कोणीही कोणालाही म्हणतं ते.
म्हटलं, "माझं चुकलं. परवा ओरडलो ते."

आतून बराच वेळ काही नाही.
मग, "ते नाही."
"मग?"
"ओरडलात त्याचं काही नाही.
भदौरिया अंकल म्हणाले, लड़का चित्रकारी करेगा?
आणि तुम्हीपण हसलात."

मला आठवेना.
खरंच आठवेना. जिना, भदौरियांचा मफलर,
माझ्या हातातली दुधाची पिशवी, एवढंच.
हसलो असेन. शेजाऱ्याबरोबर माणूस हसतो.
'मी असं केलंच नाही' अगदी जिभेवर होतं,
तेवढ्यात पेपर उघडल्याचा आवाज आला.
घरात पेपर कोणीच वाचत नव्हतं.
"मला आठवत नाही," मी म्हटलं,
"पण तुला आठवतंय, तर हसलो असणार.
हसायला नको होतं."

दार उघडलं नाही.
मी तिथंच बसलो. जानेवारीची फरशी.
थोड्या वेळानं दार आतल्या बाजूनं करकरलं,
कोणी पाठ टेकवावी तसं.
काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं,
म्हणून बोललो नाही.

आज सकाळी सहाला कोचिंग.
धुकं असं की किल्लाच नाहीसा,
एवढा मोठा डोंगर, रोज अंगावर येणारा.
स्कूटरवर तो मागे, मध्ये त्याची बॅग.
फूलबागेपर्यंत कोणी बोललं नाही.
चष्मा पुसायला मी एक हात सोडला
तेव्हा कानाशी आवाज आला,
"बाबा, पुढे ब्रेकर आहे."

मला दिसत नव्हता.
मी हळू घेतलं.