फाईलचं नाव

युरियाच्या पोत्यात घालून आणल्या त्यांनी,
दूधगावहून सांगलीला, एसटीनं, मांडीवर.
‘पद्मावती साउंड सर्व्हिस’ आता कुठंच लिहिलेलं नाही.
फक्त नेमगोंडा मगदुमांचा उजवा खांदा
अजून खाली झुकलेला,
चाळीस वर्षं कर्णे झाडावर चढवून.

“पेनड्राइव्हात घाला सगळं,” म्हणाले.
“नातू गाडीत लावंल.”

माझं दुकान मारुती चौकात. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा,
आणि मागच्या खोलीत एक टर्नटेबल,
जे मी हौसेनं घेतलं
नि बायकोनं अजून माफ केलेलं नाही.

एकोणीसच्या पुरात खालचा गठ्ठा बुडाला होता.
कव्हरांचा लगदा, लेबलं सुटून गेलेली,
उरल्या नुसत्या काळ्या थाळ्या
रेघारेघांत गाळ घेऊन.
मी रिठे भिजवले. मऊ कुंचला, रेघेच्या दिशेनं,
उलटं कधीच नाही.
बादलीच्या तळाशी जो रंग बसला
तो मी ओळखतो.
आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर तो अजून आहे.

झेरॉक्स मिनिटाला चाळीस निघतात.
बावीस मिनिटांची बाजू मात्र बावीस मिनिटंच घेते.
एवढा वेगवान कॉम्प्युटर, पण इथं
हळदीला आलेल्या पाहुण्यासारखा
मांडी घालून बसतो, संपेपर्यंत.

मग विचारतो: फाईलचं नाव?

लेबल नाही, मी काय सांगू.
मगदूम थाळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरतात.
“हितं दाट काळं हाय न्हवं, हितं ढोलकी.
ही फिकी पट्टी, हितं बाई एकटीच म्हणती.”
आणि गाण्याचं नाव सोडून बाकी सगळं सांगतात:
कवठेपिरान, हळद, लाईट गेल्ती.
समडोळी, बारसं, अकरा रुपये बुडालं.
तुंग. जेवणात बासुंदी.
मी तसंच टाइप करतो.

खरखर काढायची सोय आहे म्हटलं.
एक गाणं काढून ऐकवलं.
बाई स्वच्छ गात होती,
दवाखान्यात गावं तशी.
मगदूम शेवटपर्यंत ऐकत राहिले, मान हलवत, नाही अशी.
“ह्यात मांडवच न्हाई.”

बुधवारी मी सुई ठेवून चहाला गेलो,
तिथं कुणी उताऱ्याचं विचारत बसलं.
परत आलो तर सुई अडकलेली.
अकरा मिनिटं एकच अक्षर:
ये ये ये ये ये.

त्या दिवशी चंपाक्का सोबत आल्या होत्या,
कानाचं मशीन बघायला, वखारभागात.
दहा वर्षं ऐकू येत नाही,
आणि मशीन परवडणारं नव्हतं.
स्टुलावर बसून स्क्रीनकडं बघत होत्या.
निळे डोंगर, निळ्या दऱ्या, उंच, बुटके,
कसेही. आणि मग एकदम
करवतीचं पातं. सारखे दात,
एकासारखा दुसरा, पार कडेपर्यंत.

त्यांनी बोट ठेवलं त्यावर. काचेवर हळदीचा ठसा.
पदर तोंडाला लावला नि खुदकन हसल्या.
“हितं अडाकलीया! ह्ये सुई उचलायची सोडून
वर बगत बसलं हुतं. माळवदावर मी,
तांदूळ निवडाय.
वराडी हसून लोळालं, तरी ह्येंचं ध्यान न्हाई.”

मगदूम पोत्याची सुतळी सोडवायला लागले.
ती केव्हाच सुटली होती.

काढून टाकू का, विचारलं.
“ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, सुतळीलाच.

मग नाव विचारलं.
कुठल्या गावात किती बल्ब होते ते सांगणारा माणूस,
त्याला गावच आठवेना.
“कुठलं बरं… लई लग्नं केली आपण…”

चंपाक्कांनी त्याचे ओठ वाचले असावेत.
“माळवाडी!” म्हणाल्या.
आणि मी टाइप करायच्या आत परत एकदा,
समोरच्या चहावाल्यानं वळून बघावं
एवढ्या मोठ्यानं.