खिडकी क्रमांक चार

काचवाल्यानं भोक एक वीत खाली पाडलं,
म्हणून मेडिकलमध्ये माझ्याशी बोलायचं
तर वाकावं लागतं. आतून मीही वाकते.
बावीस वर्षं अशी गेली,
दोन्हीकडून वाकून नाव, गाव, वय.
वय कुणालाच ठाऊक नसतं.
"लिवा ना बाई तुमच्या मनानं."

रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
भाचा संघरत्न म्हणाला (भाषाशास्त्र शिकतो,
नोकरीचं विचारलं की चमचा चाटतो),
"मावशी, जगातल्या सगळ्या भाषांत
सारखा असा शब्दच नाही एकही."
मला ते का लागलं कोण जाणे.
"काहून? आई?"
"तांड्यावर याडी म्हणतात.
अन् जॉर्जियात मामा म्हणजे बाप."
आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ,
नाहीतर चौकातला हवालदार.
पाण्याचं उत्तर मलाच येत होतं.
खिडकीवर रोज मागतात,
येर, डा, नीळ्ळु, जल,
आणि मी बोटानं एकच नळ दाखवते.
"मग संत्रा?" मी हट्टाला पेटले.
तो शब्द म्हणे पोर्तुगालच्या कुठल्या गावावरून आलाय.
मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

सोमवारी भामरागडची एक बाई आली,
कडेवर पोर, पोराच्या हातात त्याचाच एक्स-रे.
मी नाव विचारलं. ती म्हणाली, "अँ?"
मग तिनं माडियात काहीतरी सांगितलं, लांबलचक,
मधेच पोराचं पोट दाबून दाखवलं,
आणि मी म्हणाले, "अँ?"
पेन तिथंच थांबला.

त्या दिवसापासून रजिस्टरच्या मागच्या पानावर
रेघा ओढायला लागले.
आदिलाबादचा ट्रकवाला.
चामोर्शीकडचे बंगाली आजोबा, मुलीचा हात घट्ट धरून.
केरळची नवी सिस्टर, माझंच बोलणं न कळून.
कुणाचं हँ, कुणाचं आँ, नाकातून, घशातून,
पण शेवटी सूर वर जातो,
अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे का
हे पायानं चाचपावं तसा.
एक मुका पोरगा आला. त्यानं नुसत्या भुवया उचलल्या.
तीही एक रेघ धरली.
दोनशे अकरा झाल्या.
संघरत्नला सांगायचं ठरवलं होतं, की बघ,
आहे एक. कळत नाही म्हणायला
सगळ्यांकडे एकच शब्द आहे.

गुरुवारी, जेवणाची सुट्टी संपता संपता,
बैहरकडचा एक म्हातारा वाकला.
सुकल धुर्वे. बायकोचा वॉर्ड विचारत होता,
रात्री आणून भरती केलं, सकाळी डबा आणायला गेला,
आता ती दिसत नाही.
डबा गरम असावा. काचेवर वाफ धरली.
मी कम्प्युटरवर पाहिलं.
सकाळी सहा चाळीस.
वॉर्डात कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलंही असेल आणि तो खिडक्या बदलत
माझ्यापर्यंत आला असेल.
मी हिंदीत सांगितलं, जमेल तितकं हळू.
तो म्हणाला, "अँ?"

बावीस वर्षांचा कान आहे माझा.
तो सूर वर गेला नाही.
त्याला कळलं होतं.
दुसऱ्यांदा सांगताना मी काही वेगळं सांगेन,
एवढ्यासाठी विचारत होता.
मागून कुणीतरी ओरडलं, "चला ना बे, आटपा."
मी वाकले. तेच सांगितलं.
काचेवरची वाफ तेवढ्यात विरली
आणि आम्ही एकमेकांना स्पष्ट दिसलो.

ती रेघ ओढली नाही.

रात्री संघरत्नचा फोन.
"मावशी, किती झाले?"
"अँ?"
"तुझे ते. मोजत होतीस ना?"

मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.