पिवळा डबा

रविवारी कपाट उपसलं.
आइस्क्रीमचे डबे निघाले चौदा, झाकणं नऊ.
कुणाच्या बारशाचे, काही चवथीचे,
दोन रुझारिनाबाईंनी नाताळात दोदोल घालून पाठवलेले,
परत द्यायचे राहून गेलेले.

एक डबा पिवळा.
मुळात तो पांढरा होता.
दोन वर्षं त्यात बांगड्याचं हुमण
कढत ओतलं, गार झालं, फ्रिजमध्ये गेलं,
पुन्हा गरम झालं, त्याच डब्यात.
राखेने घासला, लिंबाने घासला.
पिवळा तो पिवळाच.

सुलक्षा म्हणाली, हळद डब्यात शिरली.
मग थोडा वेळ गप्प.
सातवा महिना आहे तिला,
जिना चढल्यासारखी थांबून थांबून बोलते.
मग म्हणाली,
हळद आत गेली त्या दारातून
बाहेर काय आलं?

मी कुंडईला पाऊचची फिल्म बनवतो.
म्हणजे मशीन बनवतं, मी रोलपाशी उभा असतो.
तीन थर, मध्ये गोंद, वर चकचकीत केळी छापलेली.
दर तासाला एक तुकडा कापायचा,
बाटलीत कोंडून तापवायचा,
आकडा येईल तो वहीत लिहायचा,
आणि पुढे: मर्यादेच्या आत.
खोटं कधी लिहिलं नाही.
पण मर्यादा कुणाचं पोट धरून ठरवली
ते वहीत नसतं.
साहेबांना एकदा विचारलं.
म्हणाले, तू आकडा बघ.

तिने विचारलं तेव्हा
माझ्या शर्टाला गोंदाचा वास येत होता.

सोमवारी फाटकाच्या खिळ्याला कापडी पिशवी लागली.
मिंगेल पोदेर दोन दिवस विसरला,
पोई प्लास्टिकातच लटकवून गेला, आत घाम फुटलेला.
तिसऱ्या दिवशी भोंगा वाजवून म्हणाला,
माझा बाप पाटीवर कापडच घालायचा,
ते धुवायचं काम माझं, म्हणून मी सोडलं.
पिदादपुढे मासळीसाठी टोप धरला तर हसली:
टोपाचंही वजन लावू काय?
फोंड्याच्या गाड्यावर रस-आमलेट आणायला
मी किटली घेऊन उभा राहिलो,
मागच्याला वाटलं दूध घालायला आलोय.
खोबरेल फेणीच्या बाटलीत भरलं,
आठ दिवस भाजी झिंगलेली.

सगळं नाही जमलं.
मीठ पिशवीतच येतं. दूधही.
उर्वी म्हार्दोळच्या दुकानापुढे
चिप्सच्या माळेखाली हात वर करून उभी राहते.
त्या माळेतलं एकेक पाकीट मी ओळखतो,
कुठल्या रोलला केळी फिकी छापली गेली होती तेसुद्धा.
घराचा हप्ता त्याच केळ्यांतून जातो.
घेऊन दिलं. एक.
घरी सांगितलं नाही, पण बोटं तिखटाने लाल होती.

रात्रपाळीला आता स्टीलचा डबा नेतो.
झाकण इतकं घट्ट की उघडताना
मशीनच्या आवाजातही माना वळतात.
दामोदर विचारतो, लग्नातला का रे?
त्याच्या मांडीवर पांढरा डबा,
वाफेने झाकण फुगलेलं, कडा पिवळी होत आलेली.
काय सांगू? मलाही पक्कं काय माहीत आहे?
अर्धं खतखतं झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवलं.
तेवढ्यात तास झाला,
उठून तुकडा कापला.

पिवळा डबा टाकवला नाही सुलक्षाला.
परसात दोरीला टांगलाय, चिमटे ठेवायला.
जुन्या सुती साड्या फाडून तिने लंगोट शिवलेत,
धुऊन वाळत घालते,
एकेकाला दोन दोन चिमटे, वारा असतो म्हणून.
उन्हाने हळद उडत चाललीय.
एका बाजूने तर डबा
दुकानातून आणल्यासारखा पांढरा.

उर्वीला तिने बजावलंय,
पांढरा झाला म्हणून
घरात आणायचा नाही.