पान चाळीस

आधी वाटलं, पोरांचा चावटपणा.
तिसऱ्या फाटकाजवळच्या आमच्या वाचनालयात
रहस्यकथांच्या कपाटाला कधीच कुलूप नव्हतं.
पण कुठलंही पुस्तक काढा,
बंगल्यातला खून, बोटीवरचा खून,
चाळिसाव्या पानाच्या समासात
पेन्सिलीनं एक शब्द.
कानडीत.

मला कानडी येतं
भाजी घेण्यापुरतं, भांडण्यापुरतं.
वाचता येत नाही.
पाटीचा आपला अर्धा भाग वाचायचा
आणि दुसऱ्या अर्ध्याकडं बघायचंच नाही,
ही इथली सवय.

गिरणीतल्या मल्लव्वानं
पीठ झटकून चष्मा लावला.
"दिवाणजी," म्हणाली.
दुसऱ्या पुस्तकात: धाकटी सून.
तिसऱ्यात: डॉक्टर.
देसूरचे निवृत्त पोस्टमास्तर काउंटरवर हात आपटून म्हणाले,
"कोण हो हा हलकट? खुनी आधीच सांगतोय,
मजाच गेली की सगळी!"

मग मी रात्री जागून अकरा पुस्तकं संपवली.
दिवाणजी एकशे बाराव्या पानावर
विहिरीत तरंगत होता बिचारा.
सून निर्दोष. डॉक्टर तर आंधळा निघाला.
अकरापैकी अकरा चूक.

म्हणजे हे फोडणं नव्हतं.
कुणीतरी चाळीस पानांपर्यंत जाऊन
थांबत होतं, एकावर बोट ठेवत होतं,
आणि चुकलं तरी खोडत नव्हतं.

मग पुरावे.
तीन पुस्तकांत खुणेला जरीचा धागा, बोटभर.
पानांना मशीनच्या तेलाचा वास.
परत येण्याचा वार सोमवार, म्हणजे माग बंद.
रजिस्टरात अकराही ठिकाणी एकच आकडा:
सभासद दोनशे सतरा,
इराप्पा लोकरी, यंत्रमाग कामगार, वडगाव.
बारीक माणूस. खोकताना
टोपी काढून तोंडावर धरणारा.
माझ्याशी मराठीत बोलणारा, मराठी वाचणारा,
संशय तेवढा आईच्या भाषेत घेणारा.

विचारता आलं असतं.
पण पुस्तकात कुणी असं सरळ विचारतं का?
मी नातवाची कानडी अंकलिपी
टेबलाखाली ठेवून गिरवायला लागले.
ग म्हणजे कमान.
ठ म्हणजे वटारलेला डोळा.
आणि त्याच्यासाठी वरच्या फळीवरची
अवघड पुस्तकं काढून ठेवायला लागले.
तो न्यायचा, चुकायचा, आणायचा.
पुढच्या सोमवारची
मला वाट बघायची सवय लागली,
हे मी मल्लव्वालाही सांगितलं नाही.

शेवटचं दिलं ते ऐतिहासिक.
वेढा पडलेला गड, सात पहारेकरी,
अमावास्येला कुणीतरी आतून दिंडी उघडलेली.
ते पुस्तक दोन महिने आलं नाही.
दंड झाला पंचावन्न रुपये.

आलं ते एका शाळकरी मुलीच्या हातून.
"अप्पा?"
"गावाला गेल्यात."
कुठल्या गावाला, म्हणेपर्यंत
ती रुळांपलीकडं पोचली, आणि फाटक पडलं.
मालगाडी. मी डबे मोजले, बावन्न.
फाटक उठलं तेव्हा
पलीकडं फक्त एक दूधवाला उभा होता.

पान चाळीस.
मल्लव्वाला हाक मारली नाही.
बोट ठेवून, एकेक अक्षर लावत,
मीच वाचलं:
इन्नू. गोत्तिल्ल.
अजून कळलं नाही.

धागा होता चाळिसाव्या पानावरच.
पुढची पानं
कडेला चिकटलेली, कोरी करकरीत.

दोनशे सतराचं खातं मी बंद केलेलं नाही.
अनामत तशीच आहे, पाकिटात.
दिंडी कुणी उघडली ते पुढं छापलेलंच आहे,
उलटलं की कळेल.
मी उलटलं नाही.
पेन्सिलीला टोक केलं,
आणि त्याच्या शब्दाखाली,
आयुष्यातल्या पहिल्या कानडीत,
वाकड्यातिकड्या अक्षरांत,
एका पहारेकऱ्याचं नाव लिहिलं.

चुकलंही असेल.