खाडाखोड करू नये

नगरपालिकेच्या नोंदीत : ११ नोव्हेंबर १९३६.
शाळेच्या दाखल्यात : १ जून १९३८,
पण त्या वर्गातली सत्तावीस पोरं
१ जूनलाच जन्मलेली,
मास्तरांच्या एकाच दौतीतून.
सर्व्हिस बुकात पुन्हा छत्तीस.

कारकून म्हणाला, एक धरा, एक सोडा.
मी दोन्ही झेरॉक्सच्या घड्या घातल्या
आणि गंगावेशीत येऊन चहा प्यायले.

मग हेळवी आला.
पूर्वी बैल घेऊन यायचा म्हणे, आता मोटारसायकल,
मागं पोतं, पोत्यात आमच्या अकरा पिढ्या.
पायलीभर जोंधळे मापून घेतले,
वही सोडली, हेल काढत नावं वाचत गेला,
आणि अण्णांचं नाव दोनदा वाचलं.
बाळगोंडा. बाळगोंडा.
मी म्हटलं, चुकून दोनदा लिहिलंय.
तो म्हणाला, पोटाची वही हाय ताई, चुकून कोण लिहील?

तायव्वा आत्या आत शेंगा फोडत होती.
"थोरला देवीनं गेला. चार महिन्यांचा.
नाव चांगलं होतं, टाकायचं कशाला?"
आणि टरफलं सुपात सारली.

नळखात्याला अठरा पूर्ण पाहिजे होती.
अण्णांना सोळा.
ट्रंकेतून भावाचा दाखला काढला,
नाव तेच, बाप तोच,
खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.
चाळीस वर्षं मंगळवार पेठेला पाणी सोडलं
त्याच्या वयानं.
हार-नारळ घेऊन घरी आले तेव्हा
खरे छप्पन्नचे होते.
दोन वर्षांचा पगार बुडाला, आई म्हणायची.
ते म्हणायचे, "ज्याचा हुता त्याला गेला."
आम्हाला वाटायचं, सरकारला म्हणतात.

मृत्यूच्या रजिस्टरात सदतीस सालची पानं
पुरात भिजून एकाला एक चिकटलीत.
सोडवायला जावं तर अक्षरंच सुटून येतात.
मी सोडवली नाहीत.

वंशावळीत आता दोन चौकोन आहेत.
थोरल्याला तारीख आहे, दाखला आहे, शिक्का आहे.
धाकट्याला, ज्यांच्या खांद्यावर बसून मी जोतिबाचा गुलाल बघितला,
त्यांना जन्मच नाही.

आत्या, नेमके कधी झाले?
"गुऱ्हाळ लागलं हुतं. काहिलीवरनं उठून
आई घरात गेली. एवढं ध्यानात हाय."

रकान्यात दिवस, महिना, वर्ष अशी तीन घरं.
तिन्हींवरून आडवं, पेन्सिलीनं लिहिलं :
गुऱ्हाळ.